टॉप मॉडेल, मधलं मॉडेल आणि तळेघरचा पाऊस

‘मॅडम, फरक आहेच किती? महिन्याला जेमतेम तीन हजार. एवढ्याचा तर आपण वीकएन्डला पिझ्झा खातो!’

सेल्समनचं हे वाक्य ऐकून शेजारी बसलेल्या बाबांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की बस्स. तळेघरहून पहाटेची एसटी पकडून ते लेकीची गाडी बघायला खास पुण्यात आले होते. लेक वीकएन्डला तीन हजारांचा पिझ्झा खाते, ही माहिती त्यांना नवीन होती.

तर मंडळी, मी गाडी घेतेय. पहिलीवहिली आणि स्वत:च्या पैशांची. म्हणजे पैसे बँकेचे, हप्ते माझे. कुठली गाडी घ्यायची याचा घोळ सहा महिने घालून झाला होता. छोटी, पेट्रोलवरची, चार मीटरच्या आतली एक गाडी फायनल झाली. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! खरी गंमत गाडी ठरल्यानंतर सुरू होते. कारण शोरूममध्ये गाडी एक नसते, एकाच गाडीचे चार अवतार असतात. बेस, त्याच्या वरचं, त्याच्याही वरचं आणि मग साक्षात टॉप. आपण त्यांना एक, दोन, तीन आणि चार नंबर म्हणू या.

मी मनाशी दोन नंबर ठरवून गेले होते. दहा मिनिटांत सेल्समनने मला तीनवर आणलं. कॉफी येईपर्यंत आम्ही चारवर होतो. ‘तीनपर्यंत आलाच आहात तर आता थांबू नका मॅडम!’ आणि मग खास माझ्यासाठी सनव्हायजर उघडून त्यातला छोटा आरसा दाखवला. लाइटवाला. इंजिनबद्दल काही सांगायचं असलं की मात्र तो बाबांकडे वळायचा. ‘सर, तुम्हीच सांगा.’ बाबांना सायकल सोडून काहीही चालवता येत नाही. पण ते मान डोलवत राहिले.

शेवटी त्याने हुकमाचं पान टाकलं. ‘दोन आणि तीनला दहा आठवडे वेटिंग आहे. टॉप उद्या घेऊन जा. आणि मॅडम, जीएसटी कमी झालाय ना! वाचलेल्या पैशांतच टॉप येतंय. समजा फुकटच!’

‘फक्त’चा हिशेब

जीएसटीचं त्याचं खोटं नव्हतं. २२ सप्टेंबर २०२५पासून बाराशे सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. पण वाचलेला पैसा हा पैसाच असतो ना? तो लगेच त्याच काउंटरवर ठेवलाच पाहिजे, असं सरकारने कुठे म्हटलंय?

घरी आल्यावर कॅल्क्युलेटर काढला. तीन आणि चार नंबरमधला फरक सव्वा लाख रुपये. पण हा एक्स-शोरूम फरक, आणि एक्स-शोरूम किमतीत गाडी शोरूमच्या बाहेर येत नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे. म्हणजे सनरूफवरही टॅक्स, लाइटवाल्या आरशावरही टॅक्स. सव्वा लाखावर १३,७५० रुपये. झाले १,३८,७५०. हे कर्जात घातले तर नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी हप्ता वाढतो २,८८० रुपयांनी. साठ हप्त्यांचे मिळून जवळजवळ १ लाख ७३ हजार. विम्याचा वाढीव प्रीमियम अजून धरलेलाच नाही.

शिवाय गाडी दहा लाखांच्या उंबरठ्यावर असेल तर आणखी एक खड्डा आहे. दहाच्या वर गेलात की टॅक्स १२ टक्के, आणि तो पूर्ण किमतीवर. ९ लाख ९५ हजारांच्या गाडीला टॅक्स १,०९,४५० आणि १० लाख ५ हजारांच्या गाडीला १,२०,६००. दहा हजारांच्या फीचरसाठी अकरा हजारांचा जादा टॅक्स. झकास ना?

नोकरी करणाऱ्यांना २,८८० हा आकडा किरकोळ वाटेल. मी फ्रीलान्सर आहे. माझ्या लेखाचा चेक लेख विसरला गेल्यावर येतो. आणि आई-बाबांच्या मेडिक्लेमचा विषय मी दोन वर्षं ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून ढकलतेय. त्यामुळे हे तीन हजार पिझ्झ्याचे नव्हतेच. ते कशाचे होते, ते मला पक्कं माहीत होतं.

गाडी नेमकी कशासाठी?

मागच्या श्रावणात एका रात्री आईला अचानक श्वास घेता येईना. तळेघर म्हणजे आंबेगाव तालुक्याचं पश्चिमेचं टोक. भीमाशंकरला जाताना तुम्ही नक्की इथून गेला असाल, चहाला थांबला असाल. तुमच्यासाठी तो वीकएन्ड ड्राइव्ह. आमच्यासाठी तोच रस्ता दवाखान्याचा. मंचर गाठायचं तर डिंभे धरणाच्या कडेकडेने वळणं घेत, घोडेगाव ओलांडून चाळीसच्या वर किलोमीटर. त्या रात्री शेजारच्या काकांची जीप होती म्हणून निभावलं. बाबा सांगतात, धुकं असं होतं की काका खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्ता बघत होते. मी पुण्यात फोन हातात घेऊन बसले होते आणि डिंभ्याच्या अलीकडेपलीकडे रेंज नसते. ते पाऊण तास मी विसरलेले नाही.

आई आता ठीक आहे. पण दर महिन्याला तपासणी असते. त्यासाठी गाडी. बाकी पुण्यातला ट्रॅफिक, मॉल, मैत्रिणी हे सगळं बोनस.

हे ऐकून माझा हिंजवडीतला आतेभाऊ म्हणाला, ‘मग तर टॉपच घे. सेफ्टीत कॉम्प्रोमाइज नको.’ यावर काय बोलणार? आईच्या सेफ्टीत कंजुषी करणारी मुलगी कुणाला व्हायचंय?

चाकणची एक जुनी गोष्ट

भावाचा फंडा चुकीचा नव्हता, फक्त जुना होता. २०००च्या दशकात बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये एअरबॅग आणि एबीएस ही श्रीमंतांची चैन होती. वरच्या व्हेरिएंटमध्ये मिळायची, खालच्यात नाही. एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय ही अक्षरं आपल्याकडे लग्नाच्या बोलणीतही वापरली जायची. पण त्या अक्षरांच्या मागे कुणाच्या तोंडासमोर एअरबॅग उघडणार आणि कुणाच्या नाही, हेही ठरत होतं.

त्याचा हिशेब २०१४च्या जानेवारीत उघड झाला. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या आपटून बघितल्या. एअरबॅग नसलेल्या पाचही गाड्यांना शून्य स्टार. त्यात एक होती फोक्सवॅगन पोलो. माझ्या गावच्या वाटेवर, नाशिक रोडच्या चाकणमध्ये बनणारी. त्याच पोलोला दोन एअरबॅग लावून पुन्हा आपटली, तर मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार स्टार! तीच गाडी, तोच कारखाना. फरक फक्त व्हेरिएंटचा. कंपनीने त्यानंतर बिनएअरबॅगची पोलो विकणंच बंद केलं. त्या काळात कुणी मला ‘टॉप घेऊ का’ विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, डोळे झाकून घे. कर्ज काढ, पण घे.

आज चित्र बदललंय. एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्याच वर्षी जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर आणि स्पीड अलर्ट आले. २०२१मध्ये पुढच्या दुसऱ्या सीटची एअरबॅगही सक्तीची झाली. सहा एअरबॅगची सक्ती करायचं घाटत होतं, ते २०२३मध्ये बारगळलं. पण तोवर अनेक कंपन्यांनी आपणहून सहा एअरबॅग बेसपासून द्यायला सुरुवात केली होती. माझ्या गाडीच्या तक्त्यात मी ओळीवर बोट ठेवून बघितलं. सहा एअरबॅग, एबीएस आणि गाडी घसरताना सावरणारं ईएसपी चारही अवतारांत सारखंच! ‘सेफ्टीसाठी टॉप’ हे वाक्य माझ्या गाडीपुरतं तरी गळून पडलं. तुमच्या गाडीत कदाचित पडणार नाही. म्हणून ऐकू नका, तक्ता वाचा.

आणि सगळ्यात मोठं सेफ्टी फीचर तर बेसमध्येही असतं. ४ सप्टेंबर २०२२ला मुंबई-अहमदाबाद हायवेवर पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला, तेव्हा ते ज्या गाडीत मागे बसले होते ती छोटीमोठी गाडी नव्हती. पण मागच्या सीटवर बसलेल्यांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. मागच्या बेल्टचं बक्कल सीटच्या फटीत हरवलेलं असतं आपल्याकडे. ते आधी वर काढा.

टॉप मॉडेल तळेघरला जातं तेव्हा

तक्ता वाचून मी जवळजवळ दोन नंबरवर परत आले होते. तेवढ्यात एक मैत्रीण म्हणाली, ‘अगं, माझ्याकडे तीच गाडी आहे, टॉप. शनिवारी घेऊन जा गावाला. मग ठरव.’ अशी मैत्रीण सर्वांना मिळो!

तर भर पावसात मी टॉप मॉडेल घेऊन निघाले. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये ऑटोमॅटिक एसीने आणि गाण्यांनी जीव रमवला. मंचरपर्यंत मी टॉपच्या प्रेमात होते. तिथून डावीकडे वळलं, घोडेगाव गेलं, डिंभ्याच्या पुढे रस्ता चढायला लागला आणि एकेक फीचर घरी जायला निघालं.

पहिला गेला मोठ्या स्क्रीनवरचा नकाशा. रेंज गेली आणि तो गोल गोल फिरत बसला. रस्ता पाठ होता म्हणून बरं. दुसरं सनरूफ. आमच्याकडे पाऊस जूनमध्ये येतो तो मुक्कामालाच. सनरूफ उघडायचं कधी? घरी पोचल्यावर चुलतभावाच्या पोरीने त्यातून उभं राहायचा हट्ट धरला. तिला सांगितलं, चालत्या गाडीत तसं कधीच उभं राहायचं नसतं. ती म्हणाली, ‘मग ठेवलंय कशाला?’ प्रश्न बरोबर होता.

तिसरी अलॉय व्हील्स. टॉपला पंधरा इंची अलॉय आणि १८५/६५चे टायर. खालच्या व्हेरिएंटला चौदा इंची लोखंडी रिम आणि १६५/८०चे टायर. या आकड्यांचा फंडा सोपा आहे. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंचीची रबराची भिंत. टॉपची भिंत १२० मिलिमीटर, खालच्याची १३२. खड्ड्यात आपटल्यावर रिमला वाचवतं ते हे रबर. एका वळणावर पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही आणि ‘धाड्’ असा आवाज आला. रिमला छोटासा पोचा. (मैत्रिणीला जेवण आणि रिम दोन्ही देणं आहे.) घोडेगावच्या पंक्चरवाल्याने बघून मान हलवली. ‘लोखंडी असती तर ठोकून दिली असती ताई. हिला हात लावत नाही, तडकेल.’ स्टेपनी काढून बघितली, तर ती लोखंडीच! तीसुद्धा लहान आकाराची, वर स्पीड लिमिटचं स्टिकर.

एवढं होऊनही एका गोष्टीने मला गप्प केलं. वरच्या टप्प्यात धुकं उतरलं. मागची काच पाऊण मिनिटात पांढरी झाली आणि वर चिखलाचा शिडकावा. एक बटण दाबलं. मागचा वायपर फिरला, डीफॉगरच्या बारीक तारांनी काच तापवून स्वच्छ केली, आणि माझ्या अगदी मागे चिकटलेली भीमाशंकरची मिनीबस दिसली. तोपर्यंत ती आहे हेच मला कळलं नव्हतं. मी बाजूला घेतलं, ती गेली. छातीत धडधडत होतं. जीपच्या खिडकीतून डोकं काढून रस्ता बघणारे काका आठवले.

दुसरी गोष्ट, सीटची उंची. मी पाच फूट एक इंच. दोन नंबरमध्ये टेस्ट ड्राइव्हला बॉनेट दिसत नव्हतं, तेव्हा वाटलं सवय होईल. इथे चढावरच्या वळणावर सीट वर घेतल्यावर कळलं, की ही सवयीची गोष्ट नाही, दिसण्याची गोष्ट आहे.

तळात हात घाल

रात्री चुलीपाशी बसून मी बाबांना तक्ता वाचून दाखवला. त्यांनी टॉपच्या रकान्यातली एकेक ओळ ऐकून घेतली आणि विचारलं, ‘ह्यातलं नंतर बाहेरून काय बसवता येतं?’

हा प्रश्न मला, माझ्या आतेभावाला आणि सहा महिन्यांत बघितलेल्या एकाही रिव्ह्यूवाल्याला सुचला नव्हता.

स्क्रीन नंतर बसवता येते. रिव्हर्स कॅमेरा, सीट कव्हर, चांगले स्पीकर, अगदी अलॉयसुद्धा. पण मागच्या काचेतल्या डीफॉगरच्या तारा, मागचा वायपर, सीट वरखाली करणारी यंत्रणा हे कारखान्यातून आलं तर आलं. नंतर बसवायचं म्हणजे काच बदला, वायरिंग कापा आणि वॉरंटीवर पाणी सोडा. एअरबॅग आणि ईएसपी तर विचारूच नका.

मग बाबांनी त्यांच्या पद्धतीने विषय मिटवला. आमच्याकडे घरोघरी हिरडा गोळा करतात. झाड एकच. पण कोवळा तोडून वाळवलेला बाळहिरडा महाग जातो आणि पिकून मोठा झालेला स्वस्त. दिसायला मोठा तो भारी नव्हे, कामाचा तो भारी. ‘आणि व्यापारी पोत्याच्या तोंडाशी काय दिसतंय ते बघत नाही,’ बाबा म्हणाले, ‘तळात हात घालतो. तूपण घाल.’

घातला. मागचा वायपर, डीफॉगर आणि वरखाली होणारी सीट दोन नंबरमध्ये नाही, पण तीनपासून आहे. दोनवरून तीनला जायला ६५ हजार. टॅक्ससकट ७२,१५०, म्हणजे हप्त्यात पंधराशे. तीनवरून चारला जायचे सव्वा लाख मात्र सनरूफ, अलॉय, मोठी स्क्रीन आणि त्या आरशाचे. कंपन्यांना हे चांगलं कळतं. कामाची एखादी वस्तू त्या नेमकी एक पायरी वर ठेवतात, आणि आपण चढायला लागलो की गच्चीपर्यंत चढतो. चढायचं, पण वस्तू हातात आली की थांबायचं.

तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. रोज हायवेवर शंभर किलोमीटर करत असाल तर क्रूझ कंट्रोलला हसू नका. घरात उन्हाने हैराण होणारं बाळ असेल तर मागचे एसी व्हेंट्स चैनीचे नाहीत. आणि सनरूफ मनापासून आवडतं म्हणून घेतलं तरी हरकत नाही. फक्त ‘सेफ्टीसाठी घेतलं’ असं स्वत:ला सांगू नका. गाडी विकताना ते पैसे परत येतील, असंही नाही. सेकंडहॅण्डच्या बाजारात गाडीचं वय आणि किलोमीटर आधी विचारतात, सनरूफ नंतर.

बुकिंगला जाण्याआधी

* तुमच्या गाडीचा सगळ्यात वाईट दिवस आठवा. रस्ता, पाऊस, वेळ, मागे कोण बसलंय. त्या दिवसासाठी गाडी निवडा, रविवारच्या फोटोसाठी नाही.
* तक्त्याची प्रिंट काढा आणि आधी फक्त सेफ्टीच्या ओळी वाचा. बेसमध्ये तेच मिळत असेल तर ‘टॉप म्हणजे सेफ’ विसरा. मिळत नसेल तर पैसे तिथेच घाला.
* उरलेल्या ओळींवर दोन खुणा करा : नंतर बसवता येणारं आणि न येणारं. जादा पैसे दुसऱ्या खुणेसाठीच.
* फरक नेहमी ऑन-रोड विचारा आणि हप्त्यात नाही, एकूण रकमेत.
* स्टेपनी उघडून बघा. सेल्समनला आवडणार नाही. बघा.

मी तीन नंबर बुक केलाय. वेटिंग दहा आठवडे होतं, सही केल्यावर ते सहा झालं. कसं, ते विचारू नका. न वाढलेल्या हप्त्याचे २,८८० रुपये या महिन्यापासून बाजूला पडताहेत. आई-बाबांच्या मेडिक्लेमचा फॉर्म अखेर भरून दिला.

आईला फोटो पाठवला तेव्हा तिने एकच विचारलं, ‘मागच्या काचेला वायपर आहे ना गं?’

आहे, आई.